एक चिंचोका, चार मालक

रविवार, दिनांक ९ मे २००४. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. नाचणे रस्त्यावरच्या घरात, ओटीला लागून असलेल्या मोठ्या खोलीत पाच खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि तिपाईवरच्या बशीत पाच काजूबिया व पाच चिंचोके ठेवलेले होते.

खुर्च्या अजून रिकाम्या होत्या. चिंतामणराव गुडघ्यांवर बसून डाव्या स्पीकरच्या खोक्यामागची तार तपासत होते. उमाबाईंनी दारातूनच नवऱ्याच्या पाठीकडे पाहिले. इस्त्रीचा सदरा, कानावर पेन्सिल, बाजूला जुन्या धोतराच्या फडक्यावर ओळीने मांडलेली हत्यारे. तंत्रनिकेतनातून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती, पण परीक्षेच्या दिवशी हे अजूनही असेच दिसत.

"विजेचा दाब स्थिर आहे," मागे न वळता ते म्हणाले. "रविवारी या वेळेला कारखान्यांचा भार नसतो. सगळ्यांना बोलवा. आणि ताईला म्हणावं, पहिली खुर्ची तिची."

"वन्सं रातांबे फोडतायत मागे."

"हातातलं टाकून यायला सांगा. पंधरा मिनिटांचं काम आहे."

या घरात स्टिरिओत काही बदल करायचा तर मतदान घ्यावे लागे, आणि ते गुप्त असे. नियम चिंतामणरावांनीच घालून दिले होते. जुनी आणि नवी अशा दोन्ही जोडण्या एका खटक्यावर आणायच्या. एकच तुकडा दोनदा वाजवायचा. आधी कोणती आणि मागून कोणती, ते खटका फिरवणाऱ्याखेरीज कोणाला कळू द्यायचे नाही. पहिल्यांदा वाजलेले आवडले तर बरणीत काजूबी टाकायची, दुसऱ्यांदा वाजलेले आवडले तर चिंचोका. बरणीच्या तोंडावर फडके; हात आत घालून बी सोडायची आणि उरलेली बी दुसऱ्या बरणीत टाकून मोकळे व्हायचे. "माणसाचा कान डोळ्याचं ऐकतो," असे ते इतकी वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आले होते. "नवं कुठलं ते एकदा कळलं, की नवंच चांगलं वाटायला लागतं. म्हणून कळताच कामा नये."

निवृत्तीच्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, त्यांनी ही दोन खोकी स्वतः बांधली. मागची अंगे जाड प्लायवूडची, पुढचे अंग घरच्या फणसाच्या फळीचे. आत शेवरीचा कापूस भरलेला. प्रत्येक खोके दोन चिऱ्यांवर उभे, कारण चिऱ्यासारखे जड आणि मुके दुसरे काही नाही, असे त्यांचे मत होते. ॲम्प्लिफायरही घरचाच. त्यानंतर सुधारणा सुरू झाल्या. आज सतरावी होती आणि शेवटचीही. गाण्यातले खालचे आणि वरचे स्वर वेगळे करून आपापल्या स्पीकरकडे पाठवणाऱ्या जोडणीच्या दोन छोट्या पेट्या खोक्यांमागे उघड्या होत्या. समुद्राच्या हवेने त्यांतले जोड दर पावसाळ्यात कळकत. म्हणून आज निकाल लागला की त्या पेट्यांत एपॉक्सी राळ ओतून त्या कायमच्या बंद करायच्या, असे त्यांनी आठवड्यापूर्वीच जाहीर केले होते. राळ घट्ट झाली की त्यांत पुन्हा कोणाला सुई घालता येणार नव्हती.

उमाबाईंना आठ दिवस धास्ती होती ती त्या राळेची.

त्या स्वयंपाकघरात परतल्या तेव्हा तिथे सभा भरली होती. सांदणांची वाफ कोंडली होती. धाकटी मुलगी अपूर्वा परातीत आंबे पिळत होती, सून सावनी नारळ खवत होती, आणि तिचा नवरा सलिल दाराला टेकून उभा होता. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली पाळी संपवून तो आदल्या संध्याकाळी आला होता.

"राळ ओतली की संपलं," अपूर्वा म्हणाली. "मग जन्मभर ते टाळ. कानात सुया घातल्यासारखे."

"तू कुठे ऐकतेस जन्मभर? तू पुण्याला," सलिल म्हणाला. "आम्ही ऐकतो, महिन्यातले दोन रविवार."

"तू कानात कापूस घालून बसतोस, दादा. मी पाहिलंय."

"तो मी देते त्याला," सावनी खवणीवरून मान वर न करता म्हणाली. "देवाच्या वातींतला."

उमाबाईंनी गॅस बारीक केला. हे सगळे त्यांना ठाऊक होते आणि सगळ्यांच्या आधीपासून ठाऊक होते. पहिल्या वर्षी ती खोकी किती गोड वाजायची. मग एकेका सुधारणेबरोबर वरचा स्वर चढत गेला. कधी वरचे स्वर दाबणारा रोधक कमी झाला, कधी वरच्या स्वरांचा दुसरा छोटा स्पीकर, ट्वीटर, आला. आणि दर वेळी बरणीतून नव्याच्या बाजूने बिया निघत गेल्या, कारण नवे कोणते ते सगळ्यांना कळत असे. चिंतामणराव नवी जोडणी लावण्याआधी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत. जुनी लावण्याआधी पुसत नसत. ही खूण पहिल्यांदा कोणी हेरली याबद्दल घरात वाद होता. पण ती वापरण्याबद्दल नव्हता.

"आपणच त्यांना चढवलं," अपूर्वा म्हणाली. "आज मी खरं मत देणार."

"आज नको," सलिल म्हणाला. "आज आत्या आहे. दिवाळीत ती अर्ध्यातून डोकं दुखतंय म्हणून उठून गेली, तेव्हापासून बाबा तिच्याशी नीट बोललेत का? फोन आला की रिसीव्हर आईच्या हातात. आज तिच्यासमोर त्यांना पाडायचं?"

"आणि आत्या पुन्हा उठून गेली तर?"

"म्हणून म्हणतो, तिलाही खूण सांगून ठेवावी. एक बी टाकेल, जेवेल, मोकळी होईल. आई, तू सांग."

"मीच का?"

"तुझं ऐकते ती."

"माझं कोण ऐकतं या घरात," उमाबाई म्हणाल्या. पण त्या पदराला हात पुसत मागच्या पडवीकडे निघाल्या होत्या.

गोदाताई पाटावर बसल्या होत्या. सत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ. मंडणगडहून आल्याला दोन दिवस झाले, पण रिकामे बसणे त्यांना माहीत नव्हते. मागच्या झाडाचे रातांबे टोपलीभर पडले होते. ते फोडून त्या बिया एकीकडे आणि कोकमांसाठी सालपटे एकीकडे टाकत होत्या. मनगटांपर्यंत हात लालभडक झाले होते.

"काय गो उमे, वाजली का घंटा?"

"वाजली. वन्सं, एक सांगायचं होतं." उमाबाई उंबऱ्यावर टेकल्या. कसे सांगावे ते त्यांनी मनात तीनदा जुळवले होते, आणि तोंडातून निघाले ते चौथेच. "नवीन लावायच्या आधी हे चष्मा पुसतात. मग जे वाजेल, त्याच्या बाजूने आम्ही बी टाकतो. सगळेच."

गोदाताईंचे हात थांबले.

"म्हणजे तुम्हाला ते आवडत नाही?"

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही."

"आणि तो समजतो आवडतं."

"यांना वरचं ऐकू येत नाही हो, वन्सं. यांना कळलेलंच नाही ते. गेल्या पावसाळ्यात ओटीवर बसलो होतो. रातकिडे असे बोंबलत होते की मला यांचं बोलणं ऐकू येईना. हे म्हणाले, यंदा रातकिडे कमी झालेत, नाही?"

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं. कमीच आहेत."

गोदाताईंनी एक रातांबा उचलला, फोडला आणि बिया टाकल्या. 

"बरं," एवढेच त्या अखेरीस म्हणाल्या. त्या 'बरं'चा अर्थ उमाबाईंना लागला नाही. चाळीस वर्षांच्या ओळखीत असे क्वचितच झाले होते.

ओटीकडून हाक आली. गोदाताईंनी फडक्याला हात पुसल्यासारखे केले आणि त्या उठल्या.

पाचही जण बसले. चिंतामणरावांनी प्रत्येकाच्या हातात एक काजूबी आणि एक चिंचोका दिला. बहिणीसमोर आले तेव्हा क्षणभर थांबले. "डोकं ठीक आहे ना आज?"

"ठीक आहे."

"नाही, मागल्या वेळेसारखं व्हायला नको."

"होणार नाही," गोदाताई म्हणाल्या. सलिलने जमिनीकडे पाहिले.

चिंतामणराव खटक्यापाशी गेले. तिथे उभे राहून त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा नीट पुसल्या आणि पुन्हा चढवला. अपूर्वाने आईकडे पाहिले. म्हणजे आज नवी आधी. काजूबी.

भजनाची तबकडी होती. पेटी, मृदंग आणि टाळ. मृदंगाची थाप अशी यायची की चिऱ्यांतून जमिनीत उतरल्यासारखी वाटे. तिच्यात खोट काढायला जागाच नव्हती. गाणाऱ्याचा आवाजही समोर बसून ऐकावा तसा. पण टाळ सुरू झाले आणि उमाबाईंना आपले दात जाणवू लागले. सावनीने डोळे मिटले होते, भक्तीने नव्हे. चिंतामणराव मात्र खोक्यांच्या मध्ये उभे राहून मान किंचित तिरकी करून ऐकत होते, आणि त्यांच्या तोंडावर असे काही समाधान होते की कोणाला खरे बोलण्याचे धाडस होऊ नये.

दोन मिनिटांनी तोच तुकडा जुन्या जोडणीवर वाजला. तीही काही मवाळ नव्हती, पण निदान बसता येत होते.

मग बरणी फिरली. एकेकाने आत हात घातला. दुसऱ्या बरणीत उरलेल्या बिया पडल्या. चिंतामणरावांनी पहिली बरणी बशीत उपडी केली.

काजूबिया चार आणि एक चिंचोका.

ते खाली वाकले. बोटाने चिंचोका बाजूला केला. आधीच्या सोळा परीक्षांत नव्याच्या विरुद्ध बी कधी निघाली नव्हती.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता. तीच तर अडचण होती. राग असता तर सगळे गप्प राहिले असते.

उमाबाईंनी नणंदेकडे पाहिलेही नाही. "माझा," त्या म्हणाल्या.

त्याच क्षणी सलिल म्हणाला, "माझा आहे, बाबा."

"दादा, उगाच काय," अपूर्वा म्हणाली. "बाबा, माझा आहे तो. मी सकाळीच म्हटलं होतं, विचार वहिनीला."

 सावनीने पदर तोंडाशी धरला होता, आणि तिचे खांदे हलत होते.

"माझा," गोदाताई म्हणाल्या.

चिंतामणरावांनी चौघांकडे क्रमाने पाहिले. आकृतीत काही जुळत नसले की वर्गातल्या फळ्याकडे पाहावे तसे. मग त्यांनी दुसरी बरणी उचलली आणि तीही बशीच्या दुसऱ्या कडेला उपडी केली. उरलेले चार चिंचोके आणि एक काजूबी. काजूबी करडी असते. ही एका बाजूने लाल होती, ओली लाल.

"एक चिंचोका, चार मालक," ते म्हणाले. "आणि रातांबे फोडले एकटीने." त्यांनी ती काजूबी बहिणीसमोर धरली. "ताई, तुझं डोकं पुन्हा दुखलं का?"

"तेव्हाही दुखलं नव्हतं, चिंतू."

खोलीत सांदणांचा वास आला. कोणीही गॅस बंद करायला उठले नाही.

"तुझे टाळ दुखले," गोदाताई म्हणाल्या. "मृदंग ऐकून मला वाटलं, देवळात बसल्येय. इतका सुरेख कुणी केला नाही. आणि टाळ वाजले की वाटायचं, कुणीतरी ताटावर खिळा ओढतोय. मी काय सांगणार होते तुला? तू सगळ्यांचं मत घेतलेलंस, सगळ्यांना आवडलेलं. मला वाटलं, माझेच कान म्हातारे झाले."

चिंतामणराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "मग तुम्ही तिघं खोटं का बोललात? चिंचोका तिचा."

"वन्सं एकट्या पडल्या असत्या," उमाबाई म्हणाल्या.

"ते कळलं. पण तुमच्या तिघांच्या काजूबिया इथे आहेत, सावनीची चौथी. तुम्हाला दुसरं आवडलं असतं तर चिंचोके टाकले असतेत. पहिलं आवडलं असेल तर मग वाद काय? मी तर नवं कुठलं ते सांगितलं नव्हतं."

त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. शेवटी सावनीनेच मान वर केली. हसू केव्हाच गेले होते.

"बाबा, नवीन लावायच्या आधी तुम्ही चष्मा पुसता."

चिंतामणरावांनी चष्मा काढला. हातात धरून त्याच्याकडे पाहिले. नकळत त्यांचे बोट सदऱ्याच्या टोकाकडे गेले आणि मध्येच थांबले.

"कधीपासून?"

"माझ्या लग्नाच्या आधीपासून असेल. मला सलिलने सांगितलं."

"मला आईने," सलिल म्हणाला.

 चिंतामणरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते कोणाकडे न बघता पडवीतल्या आपल्या कामाच्या खोलीकडे निघून गेले. दार लागले नाही. पण कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

"बघ," सलिल अपूर्वाला हलक्या आवाजात म्हणाला. "हेच व्हायला नको होतं."

"मी काय केलं? मी काजूबीच टाकली. मोठी खरं मत देणार होते, आणि त्यांचं तोंड बघून काजूबी टाकली."

"सगळ्यांनी टाकल्या. सहा वर्षं टाकल्या," सावनी म्हणाली. "प्रेमाने सगळेच खोटं बोललो. आता कुणी कुणाला बोलायचं?"

"गप बसा रे," गोदाताई म्हणाल्या. "लहानपणापासून असाच. रागावला की माणसाशी बोलत नाही, यंत्राशी बोलतो. त्याचं झालं की येईल. उमे, ती सांदणं जळतील."

उमाबाईंनी गॅस बंद केला. परतताना त्या पडवीच्या दाराशी थांबल्या. आत ते पाठमोरे उभे होते. टेबलावर एक करडी पेटी होती, हव्या त्या उंचीची शीळ काढणारी, आकड्यांवर फिरणारा काटा असलेली. पेटीला त्यांनी छोटा स्पीकर लावला होता आणि ते एका हाताने बटण फिरवत होते. वरचा बारीक आवाज उमाबाईंना दारातून स्पष्ट ऐकू येत होता. ते बटण फिरवायचे, वाकून ऐकायचे, काट्याकडे बघायचे, पुन्हा मागे फिरवायचे. काटा हलत होता. त्यांचा चेहरा हलत नव्हता.

उमाबाईंना आत जावेसे वाटले. त्या गेल्या नाहीत. काही गोष्टी माणसाने स्वतः मोजल्याशिवाय पटत नाहीत, आणि हा माणूस तर मोजल्याखेरीज मीठही पुरेसे म्हणत नसे.

थोड्या वेळाने ते ती पेटी घेऊन मोठ्या खोलीत आले.

"सावनी, तू इथे बस," ते म्हणाले. आवाज नेहमीचा होता, प्रात्यक्षिकाच्या तासाचा. "हे बटण सावकाश फिरवायचं. आवाज वर जात राहील. बाकीच्यांनी डोळे मिटायचे, हात वर धरायचा, आणि ऐकू येईनासं झालं की हात खाली. सावनीने काट्याचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती कंपनं ते, लक्षात ठेवायचा. मीही बसतो."

सहावी खुर्ची आणून ते बसले. सगळ्यांनी डोळे मिटले. उमाबाईंनी मात्र पापण्यांच्या फटीतून पाहिले. नियम मोडण्याची ही त्यांची पहिली वेळ नव्हती. बारीक शीळ निघाली आणि चढत गेली. सगळ्यांच्या आधी एक हात खाली आला. मांडीवर टेकला आणि तिथेच राहिला. बाकी हात वरच होते. शीळ चढत राहिली. मग उमाबाईंचा हात आला. मग गोदाताईंचा. मग सलिलचा. अपूर्वाचा हात तर शेवटपर्यंत वर राहिला.

"माझा कितीला?" चिंतामणरावांनी डोळे उघडून विचारले.

सावनी अडखळली.

"आकडा आहे तो, बाळ. आकड्याला लाजायचं नाही."

"पाच हजार दोनशे."

"ताईचा?"

"साडेनऊ हजार."

"आणि सलिलचा?"

"दहाला थोडा कमी."

"आत्यापेक्षा जेमतेम वर, छत्तिसाव्या वर्षी," चिंतामणराव मुलाकडे वळून म्हणाले. "कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये कानाला काही लावतोस का? नाही ना. उद्यापासून लावायचं. मी वर्कशॉपच्या भिंतीला लागून तीस वर्षं बसलो, मला कुणी सांगितलं नाही."  मग, सगळ्यांना नव्हे, एकट्या उमाबाईंना उद्देशून ते म्हणाले, "म्हणजे रातकिडे कमी झाले नव्हते."

"नव्हते," उमाबाई म्हणाल्या.

"खूप होते?"

"तुमचं बोलणं ऐकू येत नव्हतं, इतके."

त्यांनी मान हलवली. उमाबाईंना वाटले, आता हे उठतील, खोक्यांवर चादर टाकतील आणि हा विषय या घरातून कायमचा जाईल. राळेचे डबे कोपऱ्यात ठेवलेले होते. त्यांच्याकडे त्यांची नजर गेलीही. पण मध्येच गोदाताई उठल्या. त्यांनी आपली खुर्ची स्वतः उचलली, दोन्ही खोक्यांच्या बरोबर मध्यावर आणून ठेवली आणि त्या तीत बसल्या.

"चिंतू, त्या टाळांचं बटण कुठलं?"

"बटण नाही. रोधक आहे. बदलता येणारा लावता येतो पण..."

"लाव मग. लहानपणी माझा तंबोरा कोण लावायचं, आठवतं का?"

चिंतामणराव त्यांच्याकडे पाहत राहिले.

"खुंटी पिळायचास तू," गोदाताई म्हणाल्या आणि मुलांकडे वळून सांगू लागल्या. "माझ्या बोटांत जोर नव्हता. हा खुंटीशी बसायचा आणि मी सांगायचे, चढव, उतरव. याला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं तेव्हा. पण सांगितलं तेवढंच पिळायचा, केसभर जास्त नाही. गुरुजी म्हणायचे, तंबोरा लावावा तर या दोघांनी."

"मला कळत होतं थोडं," चिंतामणराव म्हणाले.

"नव्हतं रे. पण हात चांगला होता. तो अजून आहे."

चिंतामणरावांनी डाग द्यायची तापलेली कैया घेतली. दोन्ही पेट्यांतल्या जुन्या जोडणीचे टाके उकलले, फिरवता येणारे दोन रोधक जोडले. सलिलने विजेरी धरली. हे काम चालले असताना अपूर्वाने एकदा विचारले, "बाबा, दुसरा ट्वीटर ठेवायचा की काढायचा?" आणि ते म्हणाले, "ते तुझी आत्या सांगेल." त्या जोडणीतून ट्वीटर निघाला.

टाळ वाजू लागले. चिंतामणराव खोक्यामागे बसले होते. त्यांचे डोळे खोक्याकडे नव्हते, बहिणीच्या तोंडाकडे होते.

"उतरव."

त्यांनी फिरवले.

"अजून."

"ताई, मला आता टाळ ऐकूच येत नाहीत."

"मला येतात. उतरव. अं हं, फार झालं. चढव थोडं. केसभर." गोदाताईंनी डोळे मिटले. लाल झालेली बोटे खुर्चीच्या हातावर हलू लागली. मृदंग जमिनीतून आला आणि त्याच्यावर टाळ पडले, पितळेचे, हातातले, माणसाने वाजवलेले. सावनीने पदर सोडला. उमाबाईंना आपल्या नकळत हायसे वाटले. कितीतरी दिवस आपण खांदे वर ओढून बसत होतो हे त्यांना तेव्हा कळले.

"बास," गोदाताई म्हणाल्या.

चिंतामणरावांचा हात तिथेच थांबला. केसभर पुढे नाही, केसभर मागे नाही.

"आता ओतायची का राळ?" सलिलने विचारले.

"परीक्षा न घेता?" चिंतामणराव म्हणाले. "आणि ती नीट घ्यायची. खटका सावनी फिरवील. मध्ये चादर बांधा. सावनी, तुला चष्मा नाही, पण बांगड्या काढून ठेव. एक जोडणी आत्ताची आणि एक माझी सकाळची. आधी कुठली, ते तुझं तू ठरव. मी मत देणार आहे."

अपूर्वाने चादर बांधली. उमाबाईंनी चिंतामणरावांची खुर्ची डाव्या खोक्याच्या जवळ, ट्वीटरच्या बरोबर समोर सरकवली; वरचा स्वर सरळ रेषेत जातो, हे इतक्या वर्षांत त्याही शिकल्या होत्या. चिंतामणरावांनी ते पाहिले, खुर्ची उचलली आणि पुन्हा होती तिथे नेऊन ठेवली.

"निकाल लागेपर्यंत राहू दे," ते म्हणाले. "मग रोज तिथेच ठेवा."

चादरीमागून दोनदा टाळ वाजले. मध्ये कोणी चष्मा पुसला नाही. बांगड्या वाजल्या नाहीत. पहिल्यांदा वाजले तेव्हा गोदाताईंची बोटे हलली. दुसऱ्यांदा वाजले तेव्हा अपूर्वाने कानाकडे नेलेला हात अर्ध्यात थांबवला. चिंतामणराव दोन्ही वेळा मान तिरकी करून ऐकत होते. दुसऱ्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर ते सकाळचे समाधान आले, आणि ते लपवण्याचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

बरणी फिरली. त्यांनी हात आत घातला, बी सोडली आणि उरलेली दुसऱ्या बरणीत टाकली. उमाबाईंनी त्या दुसऱ्या बरणीत डोकावले नाही.

"कुणाचं काय, ते विचारायचं नाही," बरणी बशीवर उपडी करण्यापूर्वी ते म्हणाले. "आणि बरणीतून जे निघेल त्यावर आज राळ ओतायची. बहुमत म्हणजे बहुमत. सावनी, चादर सोड आणि सांग, पहिली कुठली होती?"

"आत्याची," सावनी म्हणाली.

काजूबिया चार, चिंचोका एक.